पडणाऱ्याची सायकल

आमचे हे एकतीस वर्षं एक्स-रे काढतात. माणसं त्यांना तोंडावरून ओळखू येत नाहीत, हाडांवरून येतात. बाजारात कुणी हसलं की पिशवी सावरत मला सांगणार, "तो उजवा खांदा. जिन्यावरून पडलेला." गल्लीत सगळे त्यांना हाडवाले म्हणतात. रोज मोडलेलीच माणसं बघून बघून, जग हे फक्त पडण्यासाठी बांधलेलं आहे असं त्यांचं पक्कं मत झालंय. बल्ब मी बदलते. न्हाणीघरात ओलं दिसलं तर आधी मला हाक. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, आमच्या घरी तो कायमचा मुक्कामाला होता.

आणि अशा माणसाला डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. "गुडघे असेच आखडत गेले तर वर्षभरात जिना बंद होईल. शर्यत नको, घाम नको. संध्याकाळी मजेत दोन चकरा मारा." आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना बंद म्हणजे माणूस घरात कोंडला.

ह्यांचं दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. सायकलवरून पडल्यावर मनगट कुठे मोडतं, ते त्यांनी मला पेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलने काढून दाखवलं. मी म्हटलं, "अहो, खिडकीत बसून आयुष्य काढण्यापेक्षा मनगट परवडलं." माझ्या जिभेला हाड नाही. असतं तर त्याचाही एक्स-रे ह्यांनी काढला असता.

शेवटी दुकानात गेलो. हौसेपुरती चालवायची, तर साधी आणि स्वस्त घ्यायची एवढं माझं म्हणणं. दुकानदार मोठा उत्साही. त्याने आधी गिअरची दाखवली, मग घडी घालता येणारी. घडीची बघून हे दोन पावलं मागे सरकले. "चालवताना मिटली तर?" दुकानदाराने ती परत रांगेत लावली. मग ह्यांनी त्याला विचारलं, "हिच्यावरून लोक कोणत्या बाजूला पडतात?"

तासाभराने ह्यांनी कोपऱ्यातली एक निवडली. मधला दांडा खाली वाकलेला, सीट इतकी बुटकी की दोन्ही पाय जमिनीला टेकत होते. दुकानातली सगळ्यात स्वस्त.

"काका, ही लेडीज आहे," दुकानदार म्हणाला.

"पडणाऱ्याला लेडीज-जेंट्स सारखंच लागतं," हे म्हणाले. मी हसू दाबायला दुकानाच्या बाहेर गेले.

पण सायकल आणली आणि ती जिन्याखालीच उभी राहिली. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. रोज खाली जाऊन हे पुढच्या चाकाला धरणाऱ्या दांड्यांवर नखाने टकटक करायचे आणि वर यायचे. स्वस्त माल, आतून वेल्डिंग पोकळ असलं तर? उतारावर हँडल एकीकडे आणि चाक दुसरीकडे गेलं तर? मी चिडले, "आतून कुणाला दिसतंय?"

असं ह्यांना विचारायला नको होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी, एक्स-रेचं सेंटर बंद असताना, आम्ही दोघं सायकल ढकलत तिकडे गेलो. किल्ली ह्यांच्याकडेच असते. असलं काम नियमात बसत नाही, हे मलाही कळत होतं आणि त्यांना तर घाम फुटला होता. पण आत शिरल्यावर माझे भित्रे हे कुठे गेले कोण जाणे. दिवे लावले, यंत्र खाली घेतलं, सायकल एक्स-रेच्या पाटीला टेकवली, सगळं भराभर. आयुष्यात मी त्यांना काम करताना पहिल्यांदाच बघत होते. मला उगाच अभिमान वाटला.

सायकल मात्र उभी राहीना. चाक फिरायचं, हँडल वळायचं. मी म्हटलं, "मी धरते."

"तू नको." एकदम जोरात म्हणाले. शिशाचा जड एप्रन त्यांनी स्वतः घातला, डाव्या हाताने दांडा धरला आणि मला काचेमागे पाठवून कोणतं बटण दाबायचं ते सांगितलं. मी दाबलं. बीप वाजला.

पडद्यावर दांडा आला. पांढराशुभ्र, कुठे फट नाही, भेग नाही. "घ्या! लोखंड आहे, बिस्किट नाही," मी म्हणाले. हे हसलेसुद्धा. जोड नीट दिसावा म्हणून ते चित्राचा उजेड कमीजास्त करत गेले, आणि दांड्याभोवती त्यांचा हात हळूहळू वर आला. बोटं, पेरं, तळव्याची हाडं.

त्यांचा हात माउसवर थांबला. चष्मा कपाळावर गेला, परत खाली आला. करंगळीच्या खालच्या हाडात एक काळा खड्डा होता, कडा कुरतडल्यासारख्या. एवढं मलाही दिसलं.

"हे काय आहे?"

त्यांनी चित्र आणखी मोठं केलं.

"अहो, काय आहे ते?"

"डॉक्टर सांगतील," ते म्हणाले. इतक्या मऊ आवाजात, इतक्या सवयीने. हा आवाज घरचा नव्हता. एकतीस वर्षं, काही वाईट दिसलं की, बाहेरच्या बाकावर बसलेल्या लोकांना ते याच आवाजात सांगत आले असणार.

त्यांनी यंत्र बंद केलं, दिवे बंद केले, कुलूप लावलं. बाहेर आल्यावर रस्त्यावर लख्ख ऊन होतं, आणि समोरून ट्रक जात होता. ट्रककडे न बघता ह्यांनी सायकलवर टांग टाकली.

"अहो, थांबा! घरी जाऊन बसा हवं तर."

"दांडा चांगला आहे," ते म्हणाले आणि पॅडल मारलं.

सायकल डगमगली, सरळ झाली. मी धावले आणि मागून कॅरिअर पकडलं. खड्डा, दगड, कुत्रं, वळण, सगळं मला एकदम दिसायला लागलं. त्यांना मात्र काही दिसत नव्हतं, ते पुढे बघत पाय मारत होते.

"सोड आता, जमतंय," ते म्हणाले.

मी सोडलं नाही. धाप लागली, चप्पल मागे पडली, तरी सोडलं नाही.