उकिरड्यावरचा भोपळा

सलाम मंडळी. आज सकाळी मी सासूबाईंशी भांडून चर्चला गेले, ते आधी सांगून टाकते.

आज आमच्या पाटोद्याच्या चर्चमध्ये सुगीचा सण होता. पिकातलं पहिलं देवाला वाहायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा, ही आमची रीत. पण यंदा पुरानं सोयाबीन तर नेलंच, शेतातली मातीही नेली. वाहायचं काय?

सासूबाईंनी घरामागच्या उकिरड्यावर आपोआप आलेल्या वेलाचा एकुलता एक भोपळा उचलला.

मी अडवलं, "आत्याबाई, घरात तेवढीच भाजी हाय. देवाला काय कमी हाय का?"

"त्याला न्हाई कमी. मलाच मोकळ्या हातानं जाववंना."

लिलावात गंमत झाली. जो पैसे भरून भोपळा घेई, तोच परत टेबलावर ठेवी आणि म्हणे, पुन्हा बोली लावा. शेवटी उपासना चालवणाऱ्या पाळकबाईंनी घेतला, तिथंच चिरला आणि घरटी एक फोड वाटली. त्यात आम्हालाही एक आली, बियांसकट.

आत्ता त्याच फोडीची भाजी चुलीवर आहे. सासूबाई बिया राखेत घोळतायत.

मी विचारलं, "लावायच्या कुठं? शेतात माती कुठं राहिलीय?"

"उकिरडा हाय की. मागच्या टायमाला तरी कोण पेरायला गेलतं?"

इतके दिवस मी वाहून गेलेल्या शेताकडंच बघत बसले होते. देवानं मागच्या दारी वेल चढवला होता, तो मला दिसलाच नाही.

तुमच्या घरी यंदा न पेरता काय उगवलं? जरा मागच्या दारी बघून सांगा.