सासूबाई काळ्या का आल्या

नणंद रोह्याला दिली होती. तिला आईचा एक फोटो हवा होता, तोही मिठागरात काम करतानाचा. नवऱ्याने जुना कॅमेरा आणलेला, म्हणून मी अख्ख्या पेणची फोटोग्राफर असल्याच्या थाटात पुढे झाले. अक्कल मात्र एवढीच, की आतली उजेड मोजणारी सुई मधोमध आली की बटण दाबायचं.

भर उन्हात मिठाच्या ढिगाजवळ सुई वरच पळायची. मी कॅमेऱ्याचं छिद्र बारीक करत करत तिला मधोमध आणली आणि रोल संपवला. धुऊन आला तेव्हा मीठ राखेसारखं, आणि सासूबाई काळ्याकुट्ट!

"ही मी हाय, का कोळशाचं पोतं गो?" त्यांनी विचारलं.

मी कॅमेऱ्याला दोष दिला, दुसरा रोलही तसाच काळा केला आणि चिडून रडले. शेवटी स्टुडिओवाल्याने समजावलं, "वहिनी, उजेड मिठाचा नका मोजू, चेहऱ्याचा मोजा."

पाऊस तोंडावर आला होता, ढीग झाकायला घेतले होते. मी कॅमेरा सासूबाईंच्या गालाजवळ नेऊन सुई जुळवली आणि छिद्राचे आकडे न हलवता मागे सरले.

"नाकात घालतंस काय आता? मिठाच्या पाट्या कोण उचलंल?" त्या हात उगारून ओरडल्या. घाबरून माझ्याकडून बटण दाबलं गेलं.

फोटोत चेहरा लख्ख आला, रागासकट. नणंदेचं पत्र आलं: भिंतीवर लावलाय, पण जेवायला त्याच्याकडे पाठ करून बसते.