उसातला वारा

हिंजवडीतल्या माझ्या नव्या ऑफिसात मांजरी गावच्या उसाचं भिंतभर चित्र आहे; बघताना ऊस हलतोय असं वाटायचं. त्यावरून चार वादकांसाठी एक रचना करायला मी एका संगीतकारांना सांगितलं. ते रोज येऊन चित्रासमोर मान तिरकी करून उभे राहायचे. जवळ कोणी बोललं की ‘आपलं होऊ द्या’ म्हणून डोळे मिटायचे. माझ्या आवाजाला तर फारच वेळा मिटले.

घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबीरही घेत नाही. म्हणालो, “तिघांत भागवा, बासरी नको.” मी भांडायच्या तयारीत होतो, पण ते नुसतं “बरं” म्हणाले.

उद्घाटनाला माझी सगळी मोठी गिऱ्हाइकं समोर बसली होती. मंचावर चौथी खुर्ची रिकामीच होती. तिघं वाजवता वाजवता थांबायचे आणि तिच्याकडे बघायचे. शेवटी एका पाहुण्यांनी मलाच विचारलं, “कोणी यायचंय का?”

कार्यक्रम संपताच मी संगीतकारांना गाठलं. “अहो, चारचौघांत माझं हसं केलंत!”

“बासरी म्हणजे उसातला वारा होता. तो आपणच काढायला लावलात.”

“मग तेव्हाच सांगायचं होतं!”

“आपण बोलत होतात.”

माझा राग अजून गेलेला नाही. पण त्या दिवसापासून चित्रातला ऊस मला हलताना दिसत नाही, त्याची तक्रार कोणाकडे करायची?