सुगंधामावशीनं काढलेली दृष्ट

सुगंधामावशीच्या हातची वेणी जिनं घालून घेतली नाही, तिला डोकं दुखणं म्हणजे काय ते कळलेलंच नाही. छावणीतल्या आमच्या मुलींच्या आश्रमात ती स्वयंपाकाला होती. पण रविवारी न्हाणं झालं की बावीस मुलींची डोकी तिच्या ताब्यात. आधी बारीक फणी, मग खोबरेल, मग डोळे ताणले जातील इतकी घट्ट वेणी. जरा हललं की पाठीत धपाटा. मूलबाळ होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला देवगाव रंगारीला माहेरी आणून सोडलं होतं. तिथून ती आश्रमात आली आणि बारा वर्षं आमच्या उवा मारत राहिली. आम्ही तिच्या होतो. त्यातही चार वर्षांची आशी जरा जास्तच. वेणी झाल्यावर मांडीवरून न उतरण्याची मुभा फक्त तिला.

मी भागू, तेव्हा दहा वर्षांची. मला ती मुभा कधीच मिळाली नव्हती, आणि हे मी एक दिवसही विसरले नव्हते.

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर डेन्मार्कहून इंगा नावाची तरुण मुलगी आली. तीन महिने, बिनपगारी, आमचं करायला. पगार न घेता दुसऱ्याच्या लेकरांसाठी कुणी साता समुद्रापलीकडून येतं, हे मावशीच्या गळी उतरेना.

"तिकडं काय पोरी नायत व्हय?" ती म्हणायची.

दुसऱ्याच रविवारी इंगाताईनं समोरच्या ओसरीवर कंगवा हातात घेतला. तेल नाही, धपाटा नाही. हळू हातानं बारीक बारीक आठ-दहा वेण्या आणि टोकाला रंगीत मणी. झालं, सगळ्या पोरी तिकडं पळाल्या. सगळ्यांत पुढं आशी. थंडीनं थिजलेलं तेल मावशीनं उन्हात ठेवलं होतं. ते पातळ झालं तेव्हा तिच्यासमोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी मुद्दाम थांबले होते. म्हटलं, आता तरी मांडी मिळेल. पण मावशीच्या हातात माझे केस आणि जीव सगळा समोरच्या ओसरीवर.

"बारा वर्षं उवा म्या मारल्या," ती पुटपुटली, "अन् ही आयत्या पिठावर रेघोट्या वढायली. जाईना का एकदाची!"

शेवटच्या शब्दाला तिनं अशी वेणी आवळली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसापासून करपलेली भाकरी नेमकी इंगाताईच्या ताटात पडू लागली. इंगाताई ती खाऊन "लई छान" म्हणायची. त्यानं मावशी आणखीच जळायची. मग एका दुपारी जेवताना इंगाताईनं आशीला घास भरवला आणि आशी तिला "आई" म्हणाली. बारा वर्षांत मावशीला असं कुणी म्हटलं नव्हतं. हातातली पळी तशीच धरून तिनं इंगाताईकडं पाहिलं. ती नजर मी पाहिली. मला ती ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी इंगाताई तापानं फणफणली. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, तरी तीन दिवस ताप हटेना. आम्ही मुली तिच्या दाराशी बसून असायचो.

चौथ्या दिवशी सकाळी मावशी आली. मुठीत मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या. चेहरा पार उतरलेला. ती इंगाताईवरून मूठ ओवाळू लागली. "आल्याची, गेल्याची, पाहुण्याची, वाटसराची..." आणि अडकली. जिची दृष्ट लागली तिचं नाव घेतल्याशिवाय ती उतरत नाही, असं आमच्याकडं मानतात. मावशीनं दारातल्या आम्हा सगळ्यांकडं पाहिलं.

"देवगावच्या सुगंधीची," ती मोठ्यानं म्हणाली.

मिरच्या शेगडीत पडल्या. आम्ही नाकाला लावायला फडकी तयार ठेवली होती, पण कुणालाच ठसका लागला नाही. म्हणजे दृष्ट खरी होती. मावशी भिंतीला टेकून लहान पोरीसारखी रडली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. इंजेक्शनानं उतरला असेल, मला ठाऊक नाही. रविवारी इंगाताई आपण होऊन मावशीपुढं येऊन बसली, तेल लावून घेतलं आणि हलली म्हणून धपाटाही खाल्ला. ती हसत उठली. आशी मग मावशीच्या मांडीवर चढली, ती उतरलीच नाही.

मी ते बघत उभी होते. नजर आशीवरून हलेना.

"मावशी, आशीची दृष्ट काढा," मी म्हणाले.

"काहून? चांगली तर हाय की."

"लागायच्या आधी काढा. नाव मी सांगते."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं आशीला एका मांडीवर सरकवलं आणि दुसरी मोकळी केली.