बोलिव्हियाच्या नोटेला इस्त्री

लाँड्रीवाल्या वहिनींनी जन्मभर लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या मोडल्या, पण आपण जमवलेल्या परदेशी नोटांची एक घडी त्या कुणाला मोडू देत नसत.

वेड लावलं एका खलाशानं. त्याच्या कोटात निघालेली पेरूची जुनी नोट वहिनींनी पुढं केली, तर तो म्हणाला, ठेवा, आता तिकडंही हिला कुत्रं विचारत नाही. मग ज्याला कुत्रं विचारत नाही तेच त्या गोळा करत सुटल्या. चिली, इक्वेडोर, कधीच्या बुडालेल्या बँकांच्या नोटा, आगगाडीच्या चित्रांच्या नोटा. नकाशावर बोट ठेवून तिथल्या गावांची नावं वाचायच्या. जीभ अडखळली की हसायच्या, पण नाव सोडायच्या नाहीत.

पॅराग्वेची तेवढी राहिली होती. ती होती रिटायर्ड पोस्टमास्तरांकडं, आणि मास्तरांचा जीव वहिनींच्या बोलिव्हियाच्या नोटेवर. बऱ्याच हो-नाहीनंतर ते अदलाबदलीला राजी झाले.

त्या सकाळी वहिनींच्या मालकांना उत्साहाचं भरतं आलं. बायको चारचौघांत असली चुरगळलेली नोट नेणार? त्यांनी पाणी शिंपडून, वर फडकं घालून नोट अशी कडक केली की नवरदेवाच्या कॉलरनं झक मारावी.

वहिनींनी नोटेवरून बोट फिरवून पाहिलं. जुन्या नोटेला घडी चालते. पण इस्त्री फिरली की शाईचा उठाव बसतो, कागद मरतो. जाणता माणूस तिला शिवत नाही.

"दिसते तर झकास," मालक पुटपुटले.

"मेलेलं माणूसही नटवलं की झकास दिसतं, अहो."

तरी गेल्या. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी भिंग लावून नोट न्याहाळली, खूश झाले, वहिनींनी किती जपलीय म्हणून वाखाणली आणि पॅराग्वे पुढं सरकवली. वहिनींची बोटं तिच्या कडेला लागली. तिथंच थांबली.

"मास्तर, जपलेली नाही ती. आमच्या ह्यांनी इस्त्री केलीय."

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. हळूच आपली नोट पाकिटात घातली. वहिनींना दारापर्यंत सोडायला मात्र आले.

घरी मालक तोंड पाडून बसलेले. वहिनींनी अल्बम काढला, बोलिव्हियाची नोट जागेवर बसवली आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं: इस्त्री केलेली. करणारे, घरचे मालक.

"हे कशाला लिहितेस? जगाला कळेल."

"कळू दे की. काम चोख केलंय. एक सुरकुती दाखवा."