ढुंढिराज पाठकांची साक्ष

नुकसानभरपाईचा अर्ज वाचून दाखवताना मृणालिनीने एक परिच्छेद गाळला.

ढुंढिराज पाठक तेव्हा काशीत ब्रह्मा घाटाच्या गल्लीतल्या आपल्या खोलीत पलंगावर पडून होते. उजव्या हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टर होतं आणि दुसऱ्या ऑपरेशननंतरचा ताप अजून उतरला नव्हता. चष्मा अपघातात फुटला होता. नवा करायचं कुणाला सुचलं नव्हतं. हिंदीत टाइप केलेली चार पानं मुलीने वाचली. तिसऱ्या पानावर ती जरा थांबली, पान उलटलं आणि पुढचं वाचू लागली. शेवटी तिने त्यांचा डावा अंगठा शाईवर टेकवून प्रत्येक पानाखाली उमटवला.

"सगळं आलं ना त्यात?" त्यांनी विचारलं.

"आलं, अण्णा."

हे एक्याण्णव सालचं. त्या कार्तिकात मंगला गौरीच्या देवळात सप्तशतीचा पाठ आटोपून ढुंढिराज घरी येत होते. गल्लीच्या वळणावर मागून मोटारसायकलचा आवाज आला, म्हणून ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. तिथे सगळेच तसं करतात. पण गाडी वेगात होती, समोरून गाय आली आणि चालवणाऱ्याने हँडल भिंतीकडे वळवलं. दगडी भिंत आणि लोखंडी हँडल यांच्या मध्ये ढुंढिराजांचं कोपर सापडलं. चालवणारा अठराएक वर्षांचा, बारीक अंगाचा मुलगा होता. त्याचा चेहरा त्यांनी हातभर अंतरावरून पाहिला. "बाबा, माफ करना," एवढं तो दोनदा म्हणाला आणि गाडी तिथेच टाकून पळाला.

गाडी गोपीनाथबाबूंची होती. त्यांचा गोला दीनानाथच्या बाजारात मसाल्याचा घाऊक धंदा. दुसऱ्या दिवशी ते इस्पितळात फळं घेऊन आले, औषधांचे पैसेही देऊ केले. पण पोलिसांच्या कागदावर चालवणारा म्हणून नाव लागलं ते त्यांच्या थोरल्या पुतण्याचं, श्रीरामचं. श्रीरामकडे लायसन्स होतं. खरा चालवणारा धाकटा, त्याच्याकडे नव्हतं.

मृणालिनी चोवीस वर्षांची होती, मुलींच्या शाळेत शिकवत होती. वकील नीलकंठराव पाठकांच्याच ओळखीतले, दूधविनायकला राहणारे. त्यांनी तिला समोर बसवून समजावलं.

"हे बघ, धाकट्याचं नाव घेतलंस तर विमा कंपनी हात झटकून मोकळी होईल. मग गोपीनाथबाबूंच्या मागे किती वर्षं फिरशील? पोलिसांनी जे लिहिलंय तेच आपण लिहू. मुकदमा सरळ चालेल."

"अण्णांनी त्याला पाहिलंय, काका."

"त्यांना हे सांगायची गरज काय?"

ती रात्रंदिवस त्यावर विचार करत बसली नाही. तेवढी फुरसत नव्हती. ऑपरेशनसाठी मामाकडून उसने आणले होते, आणि घरात आता एकटीचाच पगार येत होता.

ढुंढिराजांचा पगार का थांबला, हे सांगायला हवं. ते वेदपाठशाळेत शुक्ल यजुर्वेद शिकवत. हा वेद नुसत्या गळ्याने म्हणता येत नाही. प्रत्येक स्वराबरोबर उजवा हात वर, खाली, बाजूला जातो; हात चुकला की पाठ चुकला. छत्तीस वर्षं ते विद्यार्थ्यांची मनगटं धरून हे शिकवत आले होते. प्लास्टर निघाल्यावर कोपर काटकोनात अडकलं ते अडकलंच. खांदा छातीच्या वर जाईना. पाठशाळेच्या व्यवस्थापकांनी दोन महिने वाट पाहिली आणि अतिशय नम्रपणे दुसरा गुरुजी नेमला.

तारखांवर तारखा पडत गेल्या. कधी साहेब रजेवर, कधी वकिलांचा संप, कधी कंपनीचे कागद आलेले नाहीत. प्रत्येक तारखेला कचहरीकडे जाताना रिक्षात मृणालिनी ठरवायची, आज सांगून टाकू. प्रत्येक वेळी कचहरीचं फाटक यायचं. नीलकंठराव म्हणायचे, "साक्षीत फक्त अपघात कसा झाला आणि हाताचं काय झालं एवढंच निघेल. तू घाबरू नकोस."

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत ढुंढिराजांची साक्ष लागली. व्हरांड्यात बाकावर बापलेक बसले होते. समोर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तिशीचा माणूस येऊन उभा राहिला आणि त्याने वाकून नमस्कार केला.

"हे कोण?" ढुंढिराजांनी हळूच विचारलं.

"गोपीनाथबाबूंचा पुतण्या."

"छे, तो बारीक होता. पोरगेला."

"हा थोरला, अण्णा."

"मग हा कशाला आलाय?"

मृणालिनी त्यांच्याकडे वळली. ती बोलणार इतक्यात शिपायाने नाव पुकारलं.

आत सगळं हिंदीत चाललं. कंपनीचा वकील तरुण होता, आवाज गोड. त्याने आधी हाताचा मुद्दा घेतला.

"पंडितजी, आपण मंत्र म्हणता. मंत्र तोंडाने म्हणतात. तोंडाला तर काही झालेलं नाही?"

मागे कुणी तरी हसलं. ढुंढिराज हसणाऱ्याकडे न पाहता म्हणाले, "तोंडाला नाही झालं."

"मग आमदनी कशी बुडाली?"

न्यायाधीशांनी मान वर केली. "पंडितजी, जरा म्हणून दाखवा. म्हणजे आम्हाला समजेल."

"क्षमा असावी. इथे म्हणणार नाही," ढुंढिराज म्हणाले. "पण हात दाखवतो."

त्यांनी डोळे मिटले. ओठ बंदच होते. मनातल्या मनात ते काय म्हणत होते कुणास ठाऊक, पण उजवा हात निघाला. छातीपर्यंत आला आणि तिथे थरथरत थांबला. त्यांनी खांदा उचलून बघितला, अख्खं अंग तिरकं करून बघितलं. हात वर गेला नाही. मग खाली न्यायचा तर कोपर उलगडेना. कपाळावर घाम आला तरी ते थांबेनात. पुढचा स्वर, त्याच्या पुढचा. खोलीत पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. शेवटी न्यायाधीशच म्हणाले, "बस, पंडितजी, बस," आणि लेखनिकाला काही तरी लिहायला सांगितलं.

नीलकंठरावांनी मागे वळून मृणालिनीकडे पाहिलं. जिंकलोच, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

कंपनीचा वकील मात्र बसला नाही. त्याने शर्टवाल्याला उभं केलं.

"गाडी हेच चालवत होते ना?"

नीलकंठराव हरकत घ्यायला उठले, पण ढुंढिराजांचं उत्तर आधी आलं.

"नाही."

"नीट पाहा, पंडितजी."

"पाहिलं. हे नव्हते. लहान मुलगा होता."

गोपीनाथबाबू मागच्या रांगेतून ताडकन उठले आणि पुन्हा बसले. वकिलाने अर्जाचं तिसरं पान काढलं, साक्षीच्या पिंजऱ्यापाशी नेलं. "इथे श्रीरामचं नाव आहे. हा अंगठा कुणाचा?"

"माझा."

"म्हणजे अर्ज खोटा, की आपण आता खोटं बोलताय?"

"मी खरं सांगतोय."

"मग हा अर्ज आपल्याला वाचून कुणी दाखवला?"

ढुंढिराज त्या पानाकडे बघत राहिले. आता त्यांच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता. त्यांनी तो परिच्छेद पहिल्यांदाच वाचला, सावकाश, शेवटपर्यंत. मग त्यांनी मान वर केली, पण मुलीकडे पाहिलं नाही.

"अंगठा माझा आहे," ते म्हणाले. "त्याच्या वर जे लिहिलंय त्याची जबाबदारीही माझीच."

"मी ते नाही विचारलं. वाचून कुणी दाखवला?"

न्यायाधीशांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. आवाजात मघाचा मऊपणा नव्हता. खोट्या अर्जावर कारवाई होऊ शकते, असंही ते म्हणाले. ढुंढिराजांनी डाव्या हाताने पिंजऱ्याचा कठडा धरला होता. त्याची बोटं पांढरी झालेली मृणालिनीला मागून दिसली.

ती उभी राहिली.

"मी वाचला, साहेब. हा परिच्छेद सोडून वाचला. त्यांना माहीत नव्हतं."

"बसा खाली!" शिपाई ओरडला. न्यायाधीशांनी त्याला हाताने थांबवलं आणि तिचं नाव, वय, कामाचं ठिकाण विचारलं. शाळेचं नाव तिने सगळ्यात शेवटी सांगितलं. नीलकंठराव कागद चाळत राहिले. हे लिहायला कुणी सुचवलं, असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तिने नीलकंठरावांकडे पाहिलं. ते वर बघेनात.

"माझ्या समजुतीने केलं," ती म्हणाली.

परतीच्या रिक्षात मैदागिनचा चौक आला. तेव्हा ढुंढिराज म्हणाले, "काय लिहिलं होतं ते म्हण."

"तुम्ही तर वाचलंत."

"तू म्हण."

तिने म्हटलं. तारीख, गाडीचा नंबर, श्रीरामचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, लायसन्सचा आकडा. कुठेही अडखळली नाही.

"तोंडपाठ आहे तुला," ते म्हणाले.

"सव्वादोन वर्षं झाली, अण्णा," ती म्हणाली आणि रिक्षातच रडू लागली. त्यांनी तिला थांबवलं नाही. समजूतही काढली नाही.

नीलकंठरावांनी आठ दिवसांत फाइल परत पाठवली. गोपीनाथबाबू एकदा दाराशी येऊन ओरडून गेले, "आम्ही फळं आणली, पैसे देत होतो, त्याचं हे फळ?" ढुंढिराजांची बायको प्रेमला कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलली नव्हती. ती उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "भैयाजी, फळं आम्ही खाल्ली. पण त्या मुलाला तुम्ही एकदाही घेऊन आला नाहीत." ते गेले. शाळेतून मृणालिनीला काढतील, ही धास्ती मात्र वर्षभर घरात राहिली. टपालाने आलेला प्रत्येक लिफाफा ती आधी उजेडात धरून बघायची.

दुसऱ्या वकिलाने मुकदमा पुढे नेला. शहाण्णवच्या डिसेंबरात निकाल लागला. मृणालिनीला निकालात चार कडक ओळी लिहून ताकीद दिलेली होती; कारवाई झाली नाही. वाटेने चालणारा माणूस म्हणून पाठकांचा हक्क होता आणि गाडी कुणी विनालायसन्स चालवली यात त्यांचा दोष नव्हता, असं न्यायाधीशांनी म्हटलं. कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग गोपीनाथबाबूंकडून वसूल करावेत. रक्कम मागितलेल्याच्या निम्मी होती. मामाचं देणं फिटलं, उरलेलं पोस्टात गेलं.

पाठशाळेने त्यांना परत बोलावलं, पण परीक्षेच्या दिवसांपुरतं, पाठ ऐकून चुका काढायला. मानधन किरकोळ. प्रेमलाला ते अपमानाचं वाटलं. ढुंढिराज गेले, आणि पुढची अकरा वर्षं जात राहिले.

गोपीनाथबाबूंच्या धाकट्या पुतण्याने पुढे लायसन्स काढलं. त्या गल्लीतून त्याचं रोजचं जाणं-येणं होतं. पाठकांच्या घराच्या चार दारं आधी तो इंजिन बंद करी, खाली उतरे आणि गाडी हाताने ढकलत नेई. प्रेमला खिडकीत असली तर खिडकी लावून घेई. ढुंढिराज ओसरीवर असले तर किंचित मान लववत. दोघांमध्ये कधी एका शब्दाचंही बोलणं झालं नाही.