रिंगणीची धुरी

धुरीवालीचा तोरा काही विचारू नका! दाढ ठणकायला लागली की भलेभले गाल धरून तिच्या ओट्यावर येऊन बसायचे. माळावरची काटेरी रिंगणी ती स्वतः उपटून आणी. तिची पिवळी फळं पोटात गेली तर माणूस ओकून ओकून अर्धमेला होतो, म्हणून ती फळं कायम कुलपात. वाळलेल्या बिया तेलात चोळून निखाऱ्यावर टाकायच्या, नळीनं धूर दाढेवर घ्यायचा आणि लाळ पाण्याच्या ताटलीत गळू द्यायची. मग ताटलीत बारीक पांढरे किडे तरंगायचे. "बघा, हेच खात होते तुमची दाढ!"

किडे कसले डोंबलाचे! निखाऱ्यावर तडकलेल्या बियांमधले कोंब ते, धुराबरोबर उडून ताटलीत पडायचे. सासूनं मरताना हे तिच्या कानात सांगितलं होतं. धुरीनं ठणका दोन दिवस दबायचा, तेवढं मात्र खरं.

एके सकाळी धाकटी बहीण आली. गाल सुजून डोळा मिटलेला, अंगात ताप. "ताई, दुपारी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय यांनी. पण तू सांगशील तसं. जाऊ?"

जा गं बाई, असं धुरीवालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. आत पू झालाय, हे तिला वासावरूनच कळलं होतं. पण ओट्यावर सहा माणसं कान टवकारून बसलेली. सख्ख्या बहिणीलाच दवाखान्यात धाडलं, तर उद्या इथं कोण फिरकणार?

"डॉक्टरला काय, दिसला दात की उपट! बस इथं."

तिनं धुरी दिली. अकरा किडे सगळ्यांना ऐकू जाईल असे मोजून दाखवले. "मेले गं बाई मेले!" म्हणत धाकटी हसली आणि तशीच घरी गेली.

पू हाडात उतरला. पाचव्या दिवशी दवाखान्यात तिचा अर्धा जबडा कापावा लागला.

धुरीवाली खाटेशी बसून धाय मोकलून रडली. "चुकले गं. ते किडे नसतातच. बियांमधले कोंब असतात ते."

बँडेजमुळे धाकटीला बोलता येत नव्हतं. तिनं कागद मागून घेतला आणि लिहिलं, "मग मला का दाखवलेस?"

खोटं बोलायचंही त्राण आता थोरलीत उरलं नव्हतं. "ओट्यावर सहा जण बसले होते," ती म्हणाली.

धाकटीनं कागद उलटा ठेवला आणि नर्सला हातानं खूण केली, हिला बाहेर काढा.